त्रेसष्टची बाटली

वाशी, गुरुवार, ४ जून १९९८

अभय गमरे यास टिपणीस साहेबांचा आशीर्वाद.

अरे वा, चार वर्षांनी साहेबांची आठवण झाली म्हणायची! पाकीट बघून मला आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली. अक्षर अजून तसंच सुंदर आहे तुझं. गोदामात बाकीच्यांची अक्षरं म्हणजे कोंबड्या नाचून गेलेल्या, तुझं तेवढं वाचता यायचं, म्हणून तर सॅम्पलच्या पट्ट्या मी तुझ्याकडूनच लिहून घ्यायचो. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, तेव्हा हे टाइप करतोय. रिटायर होताना जुना मराठी टाइपरायटर घरी घेऊन आलो. कंपनीनेच दिला, चोरला नाही हो!

पत्र दोनदा वाचलं. एकदा मीनालाही वाचून दाखवलं. बाईमाणूस, लगेच डोळे भरून आले. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की वीस जुलैला लेबर कोर्टात तुझ्या केसची शेवटची तारीख आहे. कंपनी म्हणते, फेब्रुवारी चौऱ्याण्णवमध्ये बाराच्या पेटीतली पोर्ट वाइनची एक बाटली तू चोरलीस. तू म्हणतोस, चोरली नाही, सॅम्पल म्हणून रीतसर काढली. मानेभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, टोकावर लाख लावली. पट्टीवर तारीख, पेटीचा नंबर, ‘काढली’ म्हणून तुझी सही आणि ‘ताब्यात घेतली’ म्हणून माझी. रजिस्टरचं ते पान आता सापडत नाही. तेव्हा बाटली पट्टीसकट माझ्याकडे असेल तर द्यावी, म्हणजे तुझी नोकरी परत मिळेल, चोर हे नाव पुसलं जाईल आणि तू जन्मभर माझे उपकार विसरणार नाहीस. बरोबर ना?

आता मी काय विचारतो ते ऐक. कुठली बाटली रे?

घाबरलास ना! अरे गंमत केली. आहे बाटली. आमच्या बेडरूममधल्या स्टीलच्या कपाटात, मीनाच्या शालूंच्या खाली आहे, आणि आडवी आहे. आडवी ठेवायची हे तूच शिकवलंस ना मला. सगळ्यांसमोर शिकवलंस.

मी काही मनात ठेवत नाही, पण तो दिवस मजेदार होता. द्रोणागिरीच्या रस्त्यावरचं आपलं गोदाम, भर दुपार, आणि हॉटेलचा तो गोरा साहेब स्वतः आपली पेटी बघायला आलेला. त्रेसष्ट सालची पोर्ट. पेटी उघडली तर प्रत्येक बाटलीवर पांढरा फरकाटा. मला वाटलं गोदामाच्या भिंतीचा चुना लागला. मी पोपट हमालाला म्हटलं, घासलेटचा बोळा घे आणि पुसून काढ. तो पहिली बाटली पुसायला लागणार तेवढ्यात तू धावत आलास, ‘साहेब थांबा, थांबा! तो पट्टा मुद्दाम मारलेला असतो. तो वर ठेवून बाटली आडवी ठेवायची, म्हणजे गाळ एकाच बाजूला बसतो.’ कुठे वाचलं होतंस कोण जाणे. गोरा हसला. हसला तो हसला, वर पुढे येऊन हात कुणाशी मिळवला? तुझ्याशी. मी शेजारी उभा, हातात तपासणीचा कागद, त्यावर मी लिहिलेलं ‘बाटल्या चुन्याने खराब’. पोपट पुढे आठवडाभर मला बघितलं की तोंडावर फडका धरायचा.

मी विसरलो ते. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

बाटली घरी कशी, हे तू विचारलं नाहीस, शहाणा आहेस. लॅबला पाठवायची होती, राहिली. एक दिवस बॅगेत घालून आणली, परत न्यायची राहिली. मार्चच्या मोजणीत अकरा निघाल्या तेव्हा मी उठून सांगायला हवं होतं का, की बारावी माझ्या घरी आहे? रिटायरमेंटला पावणेदोन वर्षं राहिलेल्या माणसाने? तूच विचार कर. आणि तुझ्याकडे बोट दाखवलं ते मी नाही, मोजणीवाल्यांनी. मी फक्त गप्प बसलो.

हल्ली तू मार्केटात कांदा-बटाट्याच्या पेढीवर गोणी मोजतोस असं कानावर आलं. वाईट वाटलं. वाइन ओळखणारा माणूस! असो. टेन्शन घेऊ नकोस, वीस जुलैला अजून दीड महिना आहे. बघू आपण.

तुझा जुना साहेब


वाशी, शनिवार, २० जून १९९८

अभय,

गुरुवारी तुम्ही नवरा-बायको न कळवता आलात. साहेबाच्या घरी जायचं तर खाली वॉचमनकडून इंटरकॉम करावा, ही सोसायटीची पद्धत आहे. जुईनगरला तशी नसेल.

मी घरी नाही असं मीनाने सांगितलं ना? मी घरीच होतो. बेडरूमच्या दाराआड, बनियनवर. बाहेर येणार होतो, पण म्हटलं बघू तरी काय बोलतात.

तर मग मी ऐकलं ते असं. मीनाने पोहे केले. चहा केला, तो आमच्या मुलीच्या, प्राचीच्या साखरपुड्यासाठी आणलेल्या नव्या सेटमध्ये दिला. त्यावरून तुम्ही गेल्यावर आमच्यात थोडं वाजलं. तू फायली घेऊन यायचास तेव्हा तुझा कप ठरलेला असायचा, तो कान तुटलेला. तुला कधी त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. मी असलं काही मानत नाही, तू आमच्या घरचं पाणी प्यालेला आहेस. पण नवा सेट म्हणजे नवा सेट.

मग मीना आत आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कपाट उघडलं आणि बाटली घेऊन बाहेर गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असं केलं तिने. दाराच्या फटीतून मी पाहत होतो. क्रांतीने पट्टी वाचली, ‘हो, ह्यांचीच सही,’ म्हणाली आणि त्या सहीवरून बोट फिरवलं. मग तिने बाटली तुझ्या हातात दिली.

बाटली तुझ्या हातात होती, अभय! मीना अडवणार नव्हती. जिना तीन मजले. उठून चालू लागला असतास तर मी काय बनियनवर तुझ्यामागे पळणार होतो? आणि तू काय केलंस? बाटली परत टीपॉयवर ठेवलीस आणि म्हणालास, ‘नको वहिनी. साहेबांना न विचारता नेली तर खरंच चोरी होईल. साहेब स्वतः देतील.’

मी आत पलंगावर बसलो आणि इतका हसलो, इतका हसलो, की उशी तोंडात कोंबावी लागली.

तर आता साहेबांना विचारायचं आहेच तर नीट विचार. मला तुझ्याकडून एक माफीनामा हवा. कोर्टाबिर्टासाठी नाही, माझ्या मनासाठी. त्या दिवशी परक्या माणसासमोर वरिष्ठाला शिकवायला गेलास, त्याबद्दल. तुझ्या सुंदर अक्षरात, एक पान पुरे. ते आलं की बाटलीचं बघतो.

आणि हो, क्रांतीला सांग, पोहे अर्धे टाकून जाऊ नये. बरं दिसत नाही.

तुझा साहेब


वाशी, मंगळवार, ३० जून १९९८

अभय,

माफीनामा पोचला. इतक्या लवकर पाठवशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं निदान चार दिवस फुगून बसशील, मग क्रांती समजावेल, मग लिहिशील. तू तर दुसऱ्याच दिवशी लिहिलास! मला जरा वाईटच वाटलं. इतका पटकन वाकणारा माणूस मी चार वर्षं उगाच ताठ समजत होतो.

पण बाबा, माफी मागायची तर धड माग. तुझं पान लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवतोय. पहिल्या ओळीत लिहिलंयस, ‘माझ्याकडून जर आपला अवमान झाला असेल तर’. हे ‘जर’ कशाला? आणि हे ‘असेल तर’? झाला म्हणजे झाला. ते काढ. खाली तो गोरा, पेटी, पांढरा पट्टा असला सगळा इतिहास लिहिलायस, तो कुणाला हवाय? तोही काढ. माफी मागताना सफाई देऊ नये. साधं लिही, ‘फेब्रुवारी १९९४ मध्ये गोदामात माझ्या हातून चूक झाली, तिचा मला पश्चात्ताप आहे, कंपनीने व साहेबांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.’ खाली सही, तारीख. बस. स्वच्छ कागदावर उतरवून ह्या पानासकट पाठव.

दुसरं एक काम. सहज विचारतो हं, ज्ञान म्हणून. अशी जुनी पोर्ट उघडतात कशी? पितात कशी? तू त्या वेळी कुठलं कुठलं वाचत असायचास, दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की पुस्तिका काढून बसायचास, मला आठवतंय. बाटली इतकी वर्षं घरात सांभाळली, निदान आपण काय सांभाळलं ते तरी कळू दे म्हाताऱ्याला. सविस्तर लिही. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार?

घरी गडबड आहे. प्राचीचं जमलं, तुला मीनाने सांगितलं असेलच. मुलगा ऋषी, संगणकातला आहे. वडील शिवराम गुप्ते, कँटीनच्या कंत्राटांत खूप कमावलेले, लंडनला तीनदा जाऊन आलेले. माणूस बोलका, जरा जास्तच. लग्न नोव्हेंबरात.

साहेब


वाशी, सोमवार, ६ जुलै १९९८

अभय,

दोन्ही मिळालं. माफीनामा आता अगदी मला हवा तसा झालाय. फाइलला लावून ठेवला, पहिल्यासकट.

आणि बाटलीबद्दल लिहिलेली तुझी ती दोन पानं! काय लिहिलंयस रे! मी खिडकीशी बसून तीनदा वाचली. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ तळाला बसतो. बूच जुनं असतं, हळूहळू फिरवत काढायचं, ओढायचं नाही. बॅटरी मानेच्या मागे धरायची आणि दुसऱ्या भांड्यात अगदी संथ ओतत जायचं, काळी रेघ मानेशी आली की थांबायचं. गाळ म्हणजे बिघाड नव्हे, वयाची खूण. मग ताबडतोब प्यायची नाही, दोन-तीन तास तिला वारा लागू द्यायचा. लहान घोट घ्यायचा, आणि गिळल्यावर लगेच बोलायचं नाही.

‘गिळल्यावर लगेच बोलायचं नाही.’ हे वाचून मीना म्हणाली, ‘आयुष्यात एक थेंब न प्यालेला माणूस किती जीव लावून लिहितो!’ तिला तुझा पुळका जरा जास्तच आहे.

खरंच एक थेंबही नाही प्यालास कधी? नुसती वाचून इतकी माया?

तर आता ठरलं. गुरुवारी सोळा तारखेला संध्याकाळी पाचला ये. वीसच्या आधी चार दिवस हातात राहतात, वकिलाला पुरेत. बाटली टेबलावर काढून ठेवतो. क्रांतीला आणलंस तरी चालेल, चहा नव्या सेटमध्येच देऊ, झालं?

साहेब


वाशी, सोमवार, १३ जुलै १९९८

अभय,

गुरुवारी येऊ नकोस. बाटली संपली.

एकदम लिहून टाकलं, कारण गोल गोल लिहिलं तर तू शेवटच्या ओळीपर्यंत आशा धरून बसशील. तुझा स्वभाव मला माहीत झालाय.

काल रविवारी गुप्ते सहकुटुंब जेवायला आले होते. गेले दोन महिने हा माणूस मला लंडन ऐकवतोय. तिथले क्लब, तिथली दारू, इथल्या लोकांना कशी पिण्याची अक्कल नाही. मुलीचा बाप म्हणून मी नुसता ‘हो का, हो का’ करत बसायचं. तेव्हा म्हटलं, एकदा तरी याला गप्प करू. शनिवारीच मी मीनाला बाटली देऊन सांगितलं, मानेवरची लाख आणि तो कागद काढून टाक, गरम पाण्यात धर, नाहीतर सुरीने खरवड. व्याह्यांसमोर ‘सॅम्पल’ लिहिलेली बाटली कशी ठेवणार? तासाभराने तिने काच चकचकीत करून दिली. पट्टीचं काय केलंस विचारलं, तर म्हणाली, ‘विरघळली. बेसिनमध्ये गेली.’

तेव्हा पट्टी गेली. तुझी सहीही गेली, माझीही गेली.

हे मी खूप विचार करून केलं, बरं का. तुला वाटेल म्हातारा चळला. पण बघ, ती पट्टी कोर्टात गेली असती तर तुझ्या नावावरचं ‘चोर’ पुसलं गेलं असतं आणि माझ्या नावावर आलं असतं. ‘ताब्यात घेतली’, खाली माझी सही. गुप्त्यांच्या कानावर जायला एक दिवस पुरला असता. प्राचीचं लग्न मोडलं असतं. दोघांपैकी एकाला चोर व्हायचंच होतं, आणि तुला चार वर्षांची सवय झालेली आहे.

आता तुला ऐकायचं नसलं तरी सांगतो. तू इतकं जीव तोडून लिहून पाठवलंस, निदान त्याचं काय झालं ते तरी कळायला हवं ना तुला.

मी बाटली उभी करून ठेवली नाही. विसरलो. कपाटातून थेट हॉलमध्ये आणली, आणि ऋषीला साल दाखवायला म्हणून वरखाली केली, खोकल्याच्या औषधासारखी. गुप्ते म्हणाले, ‘पोर्ट? अहो टिपणीस, ती आमच्याकडे बाळंतिणीला चमचा चमचा देतात, रक्त वाढायला!’ सगळे हसले. मी बूच काढायला गेलो, ते अर्धं तुटलं. उरलेलं स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकललं. बुचाचा भुगा तरंगायला लागला, म्हणून मीनाने चहाची गाळणी आणली. तुझं ते वारा लागू देणं, थांबणं, कुठलं आलंय! गुप्त्यांना भूक लागली होती.

ग्लास भरले. गुप्त्यांनी आपला ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. आत काळे कण फिरत होते. वास घेतला, एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाले, ‘टिपणीस, कुणीतरी टोपी घातली तुम्हाला. चिखल आहे हा. माल गेलेला आहे.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोवर एक घोट घेतला होता. आणि मला ठाऊक होतं, अभय. तुझी दोन पानं मला पाठ होती. एवढंच म्हणायचं होतं, की गुप्तेसाहेब, हा बिघाड नव्हे, वय आहे. इतकी साधी गोष्ट. ऋषी तर उत्सुकतेने बघत होता, पोरगं चांगलं आहे.

मी म्हटलं, ‘हो ना, गेलेलीच दिसते.’

मग गुप्त्यांनी त्यांच्या पिशवीतून व्हिस्की काढली, बर्फ आला, आणि मी मीनाला सांगितलं, हे सगळं ओतून टाक. ती ग्लास गोळा करून आत गेली. पाच मिनिटांनी मी पाणी आणायच्या निमित्ताने मागे गेलो, तर बाटली बेसिनमध्ये आडवी, रिकामी. ओट्यावर स्टीलच्या वाटीत तेवढं अर्धी वाटी उरलं होतं. तिने ठेवलं होतं की ओतायचं राहिलं होतं, विचारलं नाही. उभ्या उभ्या प्यालो.

कसं सांगू तुला! रंग आधी लाल असेल, आता विटेचा झालाय. गोड आहे, पण बाजारच्या पोर्टसारखी तोंड चिकट करणारी गोडी नाही. पहिल्यांदा काळ्या मनुका, मग जुना गूळ, मग कुठेतरी लवंगेसारखं तिखट, आणि मग छातीत ऊब उतरते ती उतरतच जाते. मी तुझं ऐकलं, लगेच बोललो नाही. बोलायला होतंच कोण? बाहेर जेवण झालं, श्रीखंड झालं, पान खाल्लं, गुप्त्यांनी पुन्हा लंडन सुरू केलं, तरी ती चव जिभेवर होती. आज सकाळी दात घासताना वाटलं, अजून आहे.

ही बाटली तुझ्यासारख्याने प्यायला हवी होती. हे मी मनापासून लिहितोय. आमच्या हॉलमध्ये बसलेल्या सात माणसांपैकी एकाचीही लायकी नव्हती, माझी धरून. आणि गंमत बघ, ती कशी होती हे मी जगात फक्त तुलाच सांगू शकतो. दुसऱ्या कुणाला कळणार आहे?

असो. आता कामाचं बोलू. वीस तारखेला मी कोर्टात येतोय, कंपनीचा साक्षीदार म्हणून. विचारतील तेव्हा सांगेन, अशी सॅम्पलची बाटली मी कधी ताब्यात घेतली नाही. मग कंपनीचा वकील तुझा माफीनामा वाचेल. दुसरा, स्वच्छ कागदावरचा. ‘फेब्रुवारी १९९४ मध्ये गोदामात माझ्या हातून चूक झाली.’ कसली चूक, ते तू त्यात लिहिलेलं नाहीस. ‘जर’ नाही. सही तुझी. आता कळलं ते ‘जर’ का काढायला लावलं?

ही माझी पत्रं तू वकिलाला दाखवशीलच. दाखव. टाइप केलेली आहेत, एकाखालीही सही नाही. मी म्हणेन, मला माहीत नाही कुणी लिहिली. टाइपरायटर काल रात्रीच भंगारवाल्यासाठी खाली नेऊन ठेवणार होतो, हे एक पत्र राहिलं होतं म्हणून थांबलो. सही करायची सवय मी चौऱ्याण्णव सालीच सोडली, अभय. तूही सोडायला हवी होतीस.

त्यापेक्षा माझं ऐक. केस मागे घे. मार्केटात कोंडिबा शेडगे म्हणून माझ्या ओळखीचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी देतो, गोणी मोजण्यापेक्षा बरं काम मिळेल. कटुता नको.

तुझा साहेब


(त्याच पाकिटात, वहीच्या पानावर, निळ्या पेनने)

मंगळवार, १४ जुलै

अभयभाऊ,

पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं. वाफेवर धरून उघडलं. आधीचीही सगळी मी उघडून, वाचून मगच टाकली आहेत.

पट्टी विरघळली नाही. कोमट पाण्यात धरून अख्खी सोडवली आणि इस्त्रीखाली वाळवली. बॉलपेनच्या सह्या आहेत, शाई गेली नाही. तारीख, पेटीचा नंबर, तुमची सही, ह्यांची सही, सगळं वाचता येतं. एका टोकाला लाख चिकटलेली आहे ती तशीच राहू द्या. पट्टी ह्या पानाच्या आत ठेवली आहे. त्याबरोबर तुमचे दोन्ही माफीनामे ह्यांच्या फाइलमधून काढून ठेवले आहेत. फाइल उघडली की ह्यांना कळेलच. तेव्हा घरात काय होईल ते माझं मी बघेन.

मला साक्षीला बोलावू नका. प्राचीचं लग्न आहे. कोर्टात उभं केलंत तर मी म्हणेन, मला काही माहीत नाही. तुमच्या तोंडावर म्हणेन. हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि मला चांगली समजू नका. क्रांतीने त्या दिवशी जिन्यात मला विचारलं, ‘वहिनी, तुम्हाला माहीत होतं?’ मी नाही म्हटलं. माहीत होतं. चार वर्षं प्रत्येक सणाला शालू काढताना तुमची सही मला दिसायची, मी वर घड्या ठेवून कपाट बंद करायची. तुम्ही मार्केटात गोणी मोजताना मला एकदा दिसला होतात, गेल्या दिवाळीत. मी कांदे न घेताच परत आले. एवढंच केलं मी तुमच्यासाठी.

पाकीट मिळाल्या मिळाल्या वकिलाकडे जा. पट्टी त्यांच्या हातात द्या, पोच घ्या, मग घरी या. एक दिवससुद्धा स्वतःजवळ ठेवू नका. हे तुमच्या दारात येतील, चपला बाहेर काढून बसतील, क्रांतीच्या हातचा चहा मागून घेतील, खूप गोड बोलतील, आणि तुम्ही पट्टी त्यांच्या हातात द्याल.

मीना टिपणीस